पांगळ्या कोंबडीची सेवा : करुणेची खरी कसोटी



सेवा हा शब्द आपण सत्संगात रोज उच्चारतो. अन्नदान, रुग्णसेवा, वृक्षारोपण, श्रमदान या सेवा आपल्या परिचयाच्या आहेत. त्या करताना चार माणसे सोबत असतात, कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतो आणि मनाला समाधान मिळते. आज मात्र आपण अशा एका सेवेचा विचार करणार आहोत, जिला कोणी सेवा म्हणतही नाही.

समजा, तुमच्या अंगणात मुलांनी हौसेने पाळलेली एक कोंबडी आहे. एके सकाळी खुराड्याचे दार उघडले, बाकीच्या कोंबड्या बाहेर आल्या आणि ही आतच बसून राहिली. उचलून खाली ठेवली तर तिचा एक पाय पुढे गेला, एक मागे. उठायचा प्रयत्न करते आणि पंखांवर कलंडते. डोळे मात्र टकटकीत आहेत. तुम्हाला पाहून ती नेहमीसारखी हळूच कुकुकते.

आता घरात बोलणे सुरू होते. कोणी म्हणते, "कोंबडीच तर आहे, सोडून द्या." कोणी म्हणते, "आता ही अंडी देणार नाही, हिला उगाच कशाला पोसायचे?" शेजारी हसतात, "माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कोंबडीला घेऊन दवाखान्यात निघालात!" घरातले लहान मूल काहीच बोलत नाही, फक्त तुमच्या तोंडाकडे पाहते. या क्षणी तुम्ही काय करता, ते त्या मुलाच्या मनात आयुष्यभर राहणार आहे.

उपयोग संपला, नाते संपले का?

आपल्या परंपरेने गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले. ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. यातील भूतयज्ञ म्हणजे आपल्याभोवतीच्या प्राणिमात्रांचा वाटा त्यांना देणे. गाईला घास, कावळ्याला घास, मुंग्यांना साखर, कुत्र्याला भाकरी. हा वाटा देताना तो जीव आपल्या कामाचा आहे का, असे कोणी विचारत नाही. कावळा आपल्याला काय देतो? तरीही त्याचा घास बाजूला निघतोच.

कोंबडीच्या बाबतीत तर आपण आधीच घेऊन बसलो आहोत. तिने अंडी दिली, अंगणातले किडे टिपले, मुलांना खेळवले. जिच्याकडून घेतले तिचे पाय गेल्यावर हिशेब बंद करणे याला व्यवहार म्हणता येईल, पण धर्म म्हणता येणार नाही. आणि आज ज्या तराजूत आपण तिला तोलतो, त्याच तराजूत उद्या घरातले अंथरुणाला खिळलेले आजोबा बसतात. मन वेगवेगळे तराजू ठेवत नाही. म्हणून हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

संत एकनाथांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल त्यांनी तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. ते गाढव कोणाचे, पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हे नाथांनी विचारले नाही. तहान दिसली, पाणी हातात होते, एवढे पुरे झाले. बरोबरच्या यात्रेकरूंना मात्र यात्रा वाया गेली असे वाटले. शेजाऱ्यांचे हसणे ऐकू येईल तेव्हा ते यात्रेकरू आठवावेत.

करुणेला डोळे हवेत

पण केवळ मन द्रवले म्हणून सेवा होत नाही. नाथांनी गाढवापुढे बसून अश्रू ढाळले नाहीत, त्याला पाणी पाजले. काय हवे आहे ते ओळखणे, हा करुणेचा पहिला भाग आहे. त्यासाठी शांतपणे पाहावे लागते. ध्यानात आपण श्वासाकडे जसे पाहतो, तसेच समोरच्या जिवाकडेही.

असे पाहण्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. या रोगात माणसांचे पाय लुळे पडत आणि अनेक जण दगावत. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही एकाएकी तसाच आजार झाला. त्या लडखडू लागल्या, मग त्यांचे पाय गेले. काही महिन्यांनी, कोणतेही औषध न देता, आजार थांबला. आइकमन यांनी चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि त्यांना पुन्हा असडीचा तांदूळ मिळू लागला. त्याबरोबर पाय परत आले. जे पोषक तत्त्व पॉलिश करताना कोंड्याबरोबर निघून जात होते, त्याला आज आपण बी-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमन यांना १९२९ मध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

साधकहो, याचा अर्थ लक्षात घ्या. जीवनसत्त्वांचे ज्ञान माणसाला मिळाले, त्यात पाय गेलेल्या कोंबड्यांचा मोठा वाटा आहे. आपली मुले आज ज्या ज्ञानामुळे धडधाकट आहेत, त्याचे थोडे ऋण या पक्ष्याकडेही लागते. "कोंबडीच तर आहे" असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

पाय का जातात?

पाय लुळे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून पहिली सेवा म्हणजे पशुवैद्यांना दाखवणे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन लाल मंदिराच्या आवारात तर खास पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. पक्ष्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेणारे तुम्ही पहिले नाही, हे यावरून कळेल.

एक मोठे कारण म्हणजे मारेक रोग. १९०७ मध्ये हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी त्याचे वर्णन केले. हा विषाणूमुळे होतो, कोंबडीच्या पिसांच्या कोंड्यातून व धुळीतून पसरतो आणि मज्जातंतूंना सूज आणतो. एक पाय पुढे आणि एक मागे, ही बसण्याची ढब याच रोगाची ओळख मानली जाते. बहुतेक वेळा वाढत्या वयाच्या तलंगांना तो गाठतो. याची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच उबवणी केंद्रात देतात. बाजारात हौसेने विकत घेतलेल्या किंवा घरीच कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांना ती बहुधा मिळालेली नसते. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. माणसाला हा रोग होत नाही.

लहान पिल्लांची बोटे आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील आणि ती घोट्यांवर सरकत असतील, तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. हे लवकर ओळखले तर पूरक मात्रेने पिल्लू सुधारते, उशीर झाला तर मज्जातंतू कायमचे निकामी होतात. मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे, श्वासाला त्रास आणि हिरवट विष्ठा अशी लक्षणे असतील तर राणीखेत, म्हणजेच मानमोडी, असू शकते आणि ती फार वेगाने पसरते. अंडे आत अडकणे, उंचावरून पडणे, तळव्याला गळू होणे यांनीही कोंबडी बसून राहते. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला ताबडतोब कळवावे.

एवढी माहिती सत्संगाच्या लेखात कशाला, असे वाटेल. अज्ञानाने केलेली दया पुष्कळदा त्रासच देते, म्हणून. प्रेमाने चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावू शकतो. मायेपोटी बाकीच्या कोंबड्यांत ठेवलेल्या आजारी कोंबडीला त्याच टोचून रक्तबंबाळ करतात. माणसाची औषधे मनाने दिली तर अपाय होतो. भावनेला ज्ञानाची जोड मिळते तेव्हाच ती सेवा होते.

सेवेची दिनचर्या

पशुवैद्यांनी सांगितले की कोंबडीला काही दिवस सांभाळून पाहा. आता खरी साधना सुरू होते. यात चमत्कार नाही, रोज तेच ते काम आहे.

तिला वेगळी, कोरडी, वारा न लागणारी जागा द्या. शक्य असेल तर जाळीच्या पलीकडे बाकीच्या कोंबड्या दिसू देत. कोंबडी कळपात राहणारा जीव आहे, एकटी पडली की खाणे सोडते. खाली साळीचे तूस किंवा जुने मऊ कापड घाला आणि ते ओले झाले की लगेच बदला. दिवसातून अनेक वेळा तिची कूस बदला, कारण सगळा भार छातीच्या हाडावर येतो आणि तिथे जखम होते. पिसे बाजूला करून रोज ती जागा पाहा.

पाणी व दाणे चोचीच्या उंचीवर, पसरट जड वाटीत ठेवा. खात नसेल तर दाणे भिजवून मऊ करा. पाण्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावा, ती स्वतः गिळेल. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताने हलकेच चाचपा, म्हणजे दिवसभरात पोटात काही गेले का ते कळेल. दोन-तीन दिवसांनी वजन करा. डोळ्यांना न दिसणारी घट काटा दाखवतो.

ती स्वतःला स्वच्छ ठेवू शकत नाही. शेपटीखालची विष्ठा कोमट पाण्याने पुसा आणि अंग पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात हे एक दिवसही चुकवू नका. माश्या बसल्या तर अळ्या पडायला वेळ लागत नाही. नंतर स्वतःचे हात साबणाने धुवा, मुलांनाही धुवायला लावा.

पशुवैद्यांनी होकार दिला तर कापडाची झोळी करा. पायांसाठी दोन भोके आणि विष्ठेसाठी एक. ती खुर्चीच्या किंवा खोक्याच्या कडांना अशी बांधा की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील. दिवसातून थोडा थोडा वेळ तिला त्यात ठेवा आणि पाय हळुवार दुमडा, सरळ करा. सकाळचे कोवळे ऊन दाखवा, पण सावलीही हाताशी असू द्या.

आता या सगळ्याकडे साधनेच्या नजरेने पाहा. पहाटे उठून तूस बदलायचे, दुर्गंधी सहन करायची, कोणी पाहत नसताना मलमूत्र पुसायचे. कोंबडी आभार मानणार नाही. फोटो काढून दाखवावे असे त्यात काही नाही. आठवड्यानंतरही पाय तसेच असतील. भगवद्गीतेने सांगितलेला निष्काम कर्मयोग आपण किती वेळा वाचला असेल! तो आचरणात आणण्याची संधी इथे तुसाच्या खोक्यात बसली आहे. काम तुमच्या हातात आहे, पाय परत येणे तुमच्या हातात नाही.

मुलांनाही यात सामील करा. एकाने पाणी बदलावे, एकाने वजन लिहून ठेवावे. "आजी, ही बरी होणार ना?" असे नातवंडाने विचारले तर खोटे आश्वासन देऊ नका. "बाळा, ते आपल्याला माहीत नाही. पण आज तिला तहानलेली ठेवायची नाही, एवढे आपल्या हातात आहे," असे सांगा. हा संस्कार शंभर प्रवचनांनी होत नाही.

करुणा आणि आसक्ती यांमधली रेघ

इथे एक सावधगिरी हवी. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरताची कथा आहे. राज्याचा त्याग करून तो गंडकी नदीकाठी तप करत होता. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेल्या गाभण हरिणीने नदीत उडी घेतली, तिचे पाडस प्रवाहात पडले आणि ती मेली. भरताने पाडसाला वाचवले, वाढवले. पुढे त्याचे चित्त त्या पाडसातच गुंतले. ते दिसले नाही की व्याकूळ व्हायचा. जप सुटला, पूजा सुटली. अंतकाळीही मनात पाडसच होते आणि त्याला हरणाचा जन्म मिळाला.

काही जण या कथेवरून म्हणतात, "बघा, प्राण्यांच्या नादी लागू नये." हा अर्थ बरोबर नाही. बुडणाऱ्या पाडसाला बाहेर काढले यात भरताचे काहीच चुकले नाही. त्याने ते वाहून जाऊ दिले असते तर त्याच्या तपाला काय किंमत राहिली असती? चूक पुढे झाली. पाडसाला त्याची गरज होती, हळूहळू त्यालाच पाडसाची गरज वाटू लागली. करुणा कुठे संपते आणि आसक्ती कुठे सुरू होते, ते इथे दिसते.

आपणही स्वतःला तपासावे. मी हिला औषध देतो ते तिचा त्रास कमी व्हावा म्हणून, की ती गेल्यावर मला होणारे दुःख टाळावे म्हणून? तिची मी इतकी काळजी घेतो, पण घरात आजारी असलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला मला वेळ आहे का? ती बरी झाली नाही तर मी देवावर रुसणार आहे का? ही उत्तरे कोणाला सांगायची नाहीत. रात्री डोळे मिटून स्वतःलाच द्यायची आहेत.

निरोपाचीही सेवा असते

काही कोंबड्या उठतात. कारण अन्नातले असेल, मुका मार असेल, तर काही दिवसांत पंजा जमिनीवर दाबला जातो आणि एक दिवस ती दोन पावले टाकते. काही कोंबड्या लंगडतच पुढे बरीच वर्षे आनंदाने जगतात. त्यांना फक्त थोडी अधिक जागा आणि थोडे अधिक लक्ष लागते.

पण काहींचे तसे होत नाही. मारेक रोगात लुळेपणा वाढत जातो. ती खाणे सोडते, वजन उतरते, मान खाली जाते, तुम्ही जवळ आलात तरी डोळे उघडत नाही. तेव्हा ओढून ताणून चोचीत घास घालणे ही सेवा राहत नाही. पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोला. तिला वेदना आहेत का, त्या कमी करता येतील का, पुढे काय होणार, हे विचारा. काही वेळा ते वेदनारहित अंताचा पर्याय सुचवतील. अहिंसेचे व्रत घेतलेल्या साधकाला हा निर्णय जड जातो आणि तो जड जायलाच हवा. सगळ्यांना लागू होईल असा एकच निर्णय इथे सांगता येत नाही. मात्र निर्णय कोणताही घ्या, कंटाळून घेऊ नका, खर्च टाळण्यासाठी घेऊ नका आणि आपले मन दुखू नये म्हणून तिची यातना लांबवूही नका. मध्ये स्वतःला न आणता तिच्याकडे पाहिले की बऱ्याचदा उत्तर सापडते.

ती जाईल तेव्हा तिला कचऱ्यात टाकू नका. वस्तीपासून व पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, म्हणजे रोगही पसरणार नाही. तिची जागा स्वच्छ करा. विषाणू धुळीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून नवीन पिल्ले लगेच आणू नका आणि आणाल तेव्हा लस दिलेलीच आणा. पुढच्या जिवाला तोच त्रास होऊ न देणे, ही गेलेल्या जिवाला वाहिलेली श्रद्धांजली आहे. मुलांना रडू द्या. दोन मिनिटे शांत बसून प्रार्थना करा.

आजचा संकल्प

तुमच्यातील बहुतेकांच्या घरी कोंबडी नसेल. पण तुमच्याभोवती पाय गेलेले कोणीतरी असेलच. इमारतीखाली मागचे पाय ओढत चालणारे कुत्रे असेल, दूध आटल्यावर रस्त्यावर सोडलेली गाय असेल, पंख मोडलेले कबूतर असेल. किंवा घरातल्याच आतल्या खोलीत, कूस बदलण्यासाठी कोणाची तरी वाट पाहणारे माणूस असेल.

या आठवड्यात अशा एका जिवासाठी एक काम करा. ते काम लहान असावे, रोज करता येण्याजोगे असावे, त्याची वाच्यता कुठेही करू नये आणि त्याच्या फळाची वाट पाहू नये. सकाळी जपाला बसण्यापूर्वी आधी त्याची पाण्याची वाटी भरा. मग आसनावर बसा. त्या दिवशी मन किती लवकर स्थिर होते, ते स्वतःच अनुभवा.

सर्व जीव सुखी असोत. जे चालू शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत चालत जाण्याची बुद्धी आपल्या सर्वांना मिळो, हीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.